उलटा फिरलेला पंखा

लॉन्ड्रीतली वाफ बाहेर फेकणारा भलामोठा पंखा त्याने बसवला, ऐटीत खटका दाबला आणि पंखा उलटा फिरला. रस्त्यावरची धूळ आत घुसली ती थेट चाळीस धुतलेल्या चादरींवर.

"अहो मिस्त्री, हे काय!" मालकीणबाई ओरडल्या.

खरं तर हा मिस्त्री नव्हताच. विजेच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायची ती त्याची बायको, वीस वर्षं. स्वतःची कचेरीतली नोकरी गेल्यापासून हा तिच्या दुकानात फोन घ्यायचा, बेअरिंगं धुवायचा आणि चहा असा करायचा की गिऱ्हाईक मोटार विसरून कप मागे. पण काउंटरवर मिशी दिसली की लोक त्या मिशीलाच मिस्त्री म्हणत, आणि ह्याच्याच्याने 'नाही' म्हणवत नसे. पंखा नीट चालला तर लॉन्ड्रीतल्या बाकीच्या अकरा मोटारींचं वर्षभराचं काम मिळणार होतं. तरी हा एकटाच निघाला. "चार बोल्ट तर आवळायचेत!"

आता झक मारत बायकोला फोन केला. ती आली.

"वहिनी, डबा आणलात? जेवण कुणाला सुचतंय इथे!" मालकीणबाई म्हणाल्या. "अकरा मोटारी गेल्या म्हणून समजा."

बायकोने पिशवीतून डबा नव्हे, पक्कड काढली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"मिस्त्री ह्या आहेत," तो पुटपुटला.

"मोठ्याने."

"ह्या मिस्त्री! मी फोन घेतो. आणि चहा करतो."

बायकोने मेन बंद केला, दोन वायरींची अदलाबदल केली. पंखा सरळ.

मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. "दारात येणारा प्रत्येक जण मला विचारतो, मालक कुठायत? मी त्याला फाडून खाते. आणि आज मीच..." मग त्या ह्याच्याकडे वळल्या. "मोटारी ह्यांना देते. चादरी तुम्ही धुवायच्या."

"धुतील की," बायको म्हणाली. "घरचे कपडे तेच धुतात."

परतताना ती म्हणाली, "तुमच्या चहाची मला लाज वाटत नाही, मग तुम्हाला का वाटावी? आणि मोठ्या भाऊजींना काय सांगून ठेवलंयत? दुकान तुमचं, मी मदतीला! तो फोन कधी करताय?"

"करतो गं."

चादरी धुऊन झाल्या. अकरांपैकी सात मोटारी भरूनही झाल्या. फोनचं म्हणाल, तर दर रविवारी नंबर काढला की नेमकी ह्याची भाजी करपायला येते.