आप्पाचा नारळ आणि माझी खुंटी

यंत्रानं दाखवलेली बोअरची जागा मी एका नारळापायी सोडली. डिग्री माझी, यंत्र माझं, अहवालाखालची सहीही माझीच.

नारळ आप्पा पाणाड्याचा. शिरूर कासारच्या पट्ट्यात त्याला विचारल्याशिवाय कुणी कुदळ मारत नसे. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो रानातून चालायचा. नारळ उभा राहिला की खाली पाणी. आमच्या भूजल खात्याचा कुणीही साहेब जागा बघायला आला की हाही हजर. मला आप्पा पहिल्या दिवसापासून आवडला नाही. मी जीपमधून उतरलो की विचारायचा, "आलाव का वायरी घेऊन? जमिनीला करंटाचा शाक द्यायला?"

मी मान खाली घालून वायरी सोडवायचो. कारण आतून मलाही वाटायचं, आपल्याला खरं काही येत नाही. परीक्षेत नशिबानं पास झालो, नोकरी चुकून लागली, एक दिवस कुणीतरी मानगूट धरून बाहेर काढणार. माझ्या जागी पाणी लागलं, तर सगळ्यांत जास्त दचकायचो मी. आप्पाचं तसं नव्हतं. त्यानं दाखवलेली बोअर कोरडी गेली तरी म्हणायचा, "पानी व्हतं. तुमच्या मशिनीला बिचकलं."

दुष्काळात दूध सोसायटीला एकच बोअर मंजूर झाली. टँकर दिवसाआड, जनावरं छावणीत. यंत्रानं दाखवलं तिथं, बाभळीपाशी, मी खुंटी ठोकली. आप्पाचा नारळ ओढ्याकाठी उभा राहिला. चेअरमननं विचारलं, "सायेब, तुमचं काय म्हननं?" सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

मी म्हणालो, "आप्पा अनुभवी आहेत."

दिवसभर ओढ्याकाठी बोअर चालली, नुसता फुफाटा उडाला. एक बाई रिकामी घागर उचलून, माझ्याकडे न बघता निघून गेली. पुढच्या साली सोसायटीनं पदरच्या पैशानं बाभळीपाशी बोअर घेतली. ती आजही चालू आहे. मी मात्र तोवर फिरती सोडून टेबल मागून घेतलं होतं. बढत्या शेजारच्या टेबलांवर यायच्या.

बऱ्याच वर्षांनी आप्पा बाजारात भेटला, काठीवर वाकलेला. म्हटलं, "आता तरी सांगा, नारळ उभा कसा राहायचा?"

"सायबाच्या तोंडाकडं बघून. सायेब जिथं दमानं उभा, तिथं नारळ उभा. त्या दिशी तुमी ओढ्याकाठी निवांत, अन् बाभळीपाशी चोरावानी उभे व्हताव. मला वाटलं, हितं तर पानी न्हाईच."

मी हसलो. तो हसला नाही.

"मला काई येत न्हवतं, ते मला ठाऊक व्हतं, म्हून कुनाला कळू दिलं न्हाई. तुमाला येत व्हतं, ते तुमालाच ठाऊक न्हवतं. अख्खं साल गाव तहानलेलं ठिवलं. लई बेकार मानूस तुमी."