पीळ दिलेली पुडी

आमच्या घरात मासे अंगणातच शिजतात. सासूबाईंनी गळ्यात तुळशीची माळ घातली तेव्हापासूनचा हा नियम. पत्र्याच्या शेडमध्ये वेगळी चूल, वेगळी पातेली, वेगळी पळी. जेवण झालं की भांडी घासून तिथेच पालथी घालायची आणि हातपाय धुऊन मगच घरात यायचं.

माझं माहेर ख्रिस्ती. लग्नाला तेवीस वर्षं झाली. सुरुवातीला सासूबाई माझ्या हातचं पाणीही घेत नव्हत्या. मग चहा घेऊ लागल्या. भाकरीपर्यंत यायला आणखी पाच वर्षं गेली. त्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा कुठे स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. ते मला कोणी दिलं नाही, मी मिळवलं होतं.

फॉइलची कल्पना माझीच. धरणातली चिलापी मासळी घ्यायची, विकणाऱ्याकडूनच काटे काढून पांढरे तुकडे करून आणायचे. हळद, मीठ, लसूण, लिंबू. खाली कांद्याच्या चकत्या, वर ढोबळी मिरची आणि टोमॅटो. फॉइल दुमडून कडा दाबायच्या आणि पुडी निखाऱ्यांवरच्या जाळीवर पंधरा मिनिटं ठेवायची. पातेलं नाही, घासणं नाही. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या.

"हे बरं हाय," त्या म्हणाल्या. "भांड्यांची भानगडच न्हाई."

दोन रविवार गेले आणि त्या आपणहून म्हणाल्या, "माझं बी कर की गं तसंच. बटाटा, फ्लॉवर घाल. कूट टाक वाईच."

मला झालेला आनंद मी दाखवला नाही. पद्धत मात्र पक्की बसवली. त्यांची पुडी आधी भाजायची, आधी उतरवायची, मासे नंतर. त्यांच्या पुडीची दोन्ही टोकं गोळीच्या कागदासारखी पिळायची, माशांची पुडी चपटी. तीन वर्षांत एकदाही गफलत झाली नाही.

गेल्या उन्हाळ्यात नणंद पुण्याहून आली. रविवारी दुपारी मी सासूबाईंची पुडी उतरवून ताटात ठेवली आणि मासे जाळीवर लावले. "वहिनी, तू भाकरी बघ, इथलं मी बघते," नणंद म्हणाली. मी आत गेले. मागे काय झालं ते मला नंतर उलगडलं. माशांची एक पुडी तिच्या चिमट्याने फाटली, रस निखाऱ्यांवर गळायला लागला. तिने ती नव्या फॉइलमध्ये गुंडाळली आणि टोकं पिळली. सगळ्या पुड्या त्याच ताटात रचल्या. मी घाईत आले, वरची पिळाची पुडी उचलली आणि सासूबाईंपुढे ठेवली. पिळाची आणखी एक पुडी खाली आहे, हे मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

हळदीतला पांढरा तुकडा बटाट्यासारखाच दिसतो. त्यांनी तोंडात घातला, थांबल्या आणि पदरात थुंकल्या. एक हात माळेवर गेला.

"काय घातलंस हे मला?"

"आई, चुकून..."

"चुकून? तेवीस वर्सं थांबलीस आन् आज बाटवलंस व्हय!"

नणंद मोबाईल बघत होती. मान वर केली नाही.

सासूबाई न जेवता उठून गेल्या. मी उघडलेलं फॉइल नवऱ्याला दाखवलं. दोन थर होते, आतला फाटलेला. "मी दोन थर कधी लावते का? वरचा ताईंनी लावलाय. त्यांना आईंना सांगू दे."

"अगं, तिनं काय मुद्दाम केलंय का? चार दिवस माहेरपणाला येते. कशाला तिला मध्ये ओढतेस?"

म्हणजे तिची चूक असू शकते. माझा मात्र कट असतो.

नणंदेने जाताना मला मिठी मारली. "मनावर घेऊ नकोस गं, म्हातारं माणूस आहे," म्हणाली. आईला मात्र एक शब्द सांगितला नाही. सासूबाई सोमवारी दूध आणि केळ्यांवर राहिल्या, मंगळवारीही. मी भाकरी ताटात वाढून त्यांच्या खोलीत नेली. ती संध्याकाळी गोठ्यात गाईपुढे दिसली.

बुधवारी नवरा कामावर जाण्याआधी म्हणाला, "आईचं वेगळं मांडून देऊ तिच्या खोलीत. काय काय लागेल ते लिहून दे. तुला बरोबर सुचतं."

मी लिहून दिलं. एका बर्नरची शेगडी, तवा, परात, उलथनं, दोन पातेली, पळी, मिठाची बरणी, चिमटा, पाण्याचा हंडा. शेवटी विळीही लिहिली, म्हणजे भाजी चिरायलाही त्यांना माझ्याकडे यावं लागू नये. नवऱ्याने कागद घडी करून खिशात टाकला आणि म्हणाला, "बघ, म्हणून तुला सांगतो. तू काही विसरत नाहीस."