दालनाबाहेर काढलेल्या सँडल

गेल्या वर्षी गणेशोत्सवात आमच्या ठाकूरद्वारच्या वाडीतल्या महिलांनी एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरून नाटक बसवलं. समुद्राकाठी कड्यावर काळोखी हवेली, आंधळ्या मालकिणीला पुस्तकं वाचून दाखवायला आलेली पोरकी मुलगी, कायम बंद असलेलं एक दालन आणि घरावर जरब ठेवणारी कारभारीण. मुलगी आधी स्वतःच्या सावलीला घाबरते आणि शेवटी त्याच कारभारणीच्या हातून किल्ल्या काढून घेते. रूपांतर वाडीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने केलं होतं. त्यांना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो.

बाईंनी नायिकेचं काम माझ्या बायकोला दिलं आणि कारभारणीचं शेजारच्या वहिनींना. वहिनींबद्दल प्रश्नच नव्हता. त्यांचा आवाज माईकशिवाय रस्त्यापर्यंत जातो. बायकोचा आवाज आमच्याच स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत पोचत नाही. त्यात वहिनींपुढे तर ती कधी बोललेलीच नाही. वहिनींच्या कुंड्या सरकत सरकत आमच्या दारापुढे आल्या होत्या. गॅलरीची लांबी भागिले बिऱ्हाडं, इतका सोपा हिशेब. मी बोलतो म्हटलं की ती म्हणायची, "जाऊ दे हो, झाडंच आहेत." आणि अंग चोरून आत यायची.

"अहो, खोटं खोटंसुद्धा मला त्यांच्यावर आवाज चढवता येणार नाही," ती तालमीहून आल्यावर म्हणाली. "किल्ल्या मागायच्या प्रवेशात वाचाच बसते माझी."

"मग सोडून दे काम."

"सोडायचं नाहीये ना!"

प्रॉम्प्टिंग माझ्याकडे होतं. मी संहितेत पेन्सिलीने खुणा केल्या आणि तिला दाखवलं, की पहिल्या दोन अंकांत ती मुलगी जवळजवळ प्रत्येक वाक्याआधी क्षमा मागते आणि तिसऱ्यात एकदाही नाही. तिने पानं चाळली. "मधे काय होतं पण तिला?" म्हणाली. ते संहितेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ते नटीने शोधायचं असतं."

प्रयोगाच्या दिवशी मांडव भरला होता. पहिला अंक ठीक गेला. माझी बायको घाबरलेलीच होती आणि नायिकेनेही घाबरायचंच होतं. दुसऱ्या अंकात ती मेणबत्ती घेऊन त्या बंद दालनाशी येते. प्लायवूडचा दरवाजा करकरला, मागून वाऱ्याचा आवाज सोडला, मुलं चिडीचूप झाली. बायकोने दार ढकललं, उंबऱ्याशी थांबली, एका हाताने झगा उचलून पायातल्या सँडल काढल्या, पायानेच कडेला नीट सरकवल्या आणि अनवाणी आत गेली.

मांडवात हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "काकू, सत्यनारायण आहे का आत?"

बायकोने खाली पायांकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. तेवढ्यात वहिनी समोर आल्या आणि गरजल्या, "या दालनात यायची परवानगी तुला कोणी दिली?"

मी विंगेतून वाक्य दिलं, "क्षमा करा, मी वाट चुकले." पुन्हा दिलं, जरा मोठ्याने. पहिल्या रांगेतल्यांनीही ऐकलं असावं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"परवानगी कशाला?" ती म्हणाली. आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत गेला. "मी या घरात राहते. चपला बाहेर काढून आत आलेय. तुम्ही मात्र बुटांसकट उभ्या आहात."

असं वाक्य संहितेत नव्हतं. वहिनींनी आपल्या काळ्या बुटांकडे पाहिलं आणि, देवाशपथ, मुकाट्याने उंबऱ्याबाहेर जाऊन ते काढून आल्या! शिट्ट्या थांबेनात. मी पानं पुढेमागे करत राहिलो; त्या दोघी संहितेत परत कुठे येणार, ते मला कळेना. शेवटी त्याच आल्या. तिसऱ्या अंकात तिने किल्ल्या मागितल्या तेव्हा वहिनींनी त्या जरा लवकरच दिल्या.

नंतर रंगपटात मी बाईंना म्हटलं, "दुसऱ्या अंकात क्षमा मागायची राहिली."

"मी तिला तिसऱ्यापर्यंत भित्री ठेवली होती," बाई हसल्या. "तिलाच तेवढा धीर निघाला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो. वहिनी झाडांना पाणी घालत होत्या. बायको दारात गेली. ती सुरुवात कशी करते, इकडे माझं लक्ष होतं.

"वहिनी, कुंड्या तुमच्या बाजूला घ्या हं. आम्हाला दारातून नीट जाता येत नाही."

"बघा! एक नाटक काय केलं, लगेच मालकीण!" वहिनी म्हणाल्या. पण पाण्याचा मग खाली ठेवून त्यांनी पहिली कुंडी उचलली. दुसरी बायकोने उचलली. गोकर्णीच्या कुंडीशी आल्यावर ती थांबली.

"ही राहू दे इथेच. मला आवडते."

"पाणी कोण घालणार?"

"मी घालीन," बायको म्हणाली, आणि मला हाक मारली, "अहो, चहा झाला असेल तर जरा हात लावा!" स्वयंपाकघराच्या पलीकडे, मोरीपर्यंत ऐकू येईल अशी.