पेजेसारखा वाहिलेला कातळ

रोह्याच्या कॉलेजात मी भूगोल शिकवतो. पहिल्याच तासाला सांगतो, शिलारसात सिलिका जास्त असली की तो गुरगुट्या भातासारखा घट्ट, जागीच ढीग करतो. कमी असली की पेजेसारखा पातळ, लांबवर सपाट पसरतो. आपला काळा कातळ पेजेच्या जातीचा. एवढ्या शहाणपणावर माझा पगार चालतो.

खांब गावाजवळच्या कातकरवाडीतली एक मावशी रोह्यालगतच्या अष्टमी गावातल्या आमच्या घरी रानभाजी घेऊन यायची. वाडीत पाणी नव्हतं. बायका शेजारच्या गावच्या विहिरीवर जायच्या आणि गावाचं भरून होईपर्यंत बाजूला उभ्या राहायच्या. मीच तिला म्हणालो, त्या विहिरीला बुडबुड्यांची भोकं असलेल्या दगडात पाणी लागलंय. पातळ रसाचा थर तो, सपाट पसरत तुमच्या वाडीखालीही आलेला असणार. खणा. मला कोणी विचारलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण.

दिवाळी झाली की वाडी वीटभट्टीवर जाते. त्या वर्षी सात घरं माझ्या शब्दावर मागे राहिली आणि नारळ फोडून कातळाला भिडली. मावशीनं नवा हंडा घासून पालथा ठेवला. नव्या विहिरीचं पाणी पडेपर्यंत त्यात दुसरं काही घालायचं नाही, असं तिनं घरात बजावलं होतं.

फाल्गुनात थर लागला. मी सांगितलेल्या खोलीवर, अगदी सपाट. मी धावत गेलो. भोकंही होती, पण एकूण एक भोक पांढऱ्या चमकत्या खड्यांनी गच्च भरलेलं. थेंबालाही जागा नव्हती. रस थंड झाल्यावर काही ठिकाणी भोकं अशी भरून जातात, हे मी दरवर्षी शिकवतो. वाडीत बोलताना तेवढंच विसरलो होतो. लाज वाटली, स्वतःचा संतापही आला.

कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मावशीनं एक खडा माझ्या हातावर ठेवला.

"मंग आता कुटं खणायचा, मास्तर?"

मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं.

चार दिवसांनी ती सात घरं उरलेल्या मोसमापुरती भट्टीवर निघाली. मावशीनं पालथा हंडा सुलटा केला, त्यात तांदूळ आणि मिठाची पुडी भरली आणि तो डोक्यावर घेतला.