अक्कांचे हात आणि माझा बॅले

मंडळी, आज दुपारी मी पकडले गेले.

त्रेचाळिसाव्या वर्षी मी मोबाईलवर लाइव्ह क्लासमध्ये बॅले शिकते, हे आमच्या धुळ्याच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, दुपारी आडव्या झाल्या की मी स्वयंपाकघराचं दार लावते आणि ओट्याला धरून उभी राहते.

आज कडी लावायला विसरले. टीचर तिसऱ्यांदा सांगत होत्या, "हात गोल ठेवा, कोपरं पाडू नका." माझी पडतच होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "कोपर खाले नको पाडू, मांडा फाटी जाई!"

दारात अक्का. मला घामच फुटला.

पण त्यांनी स्वतःचेच हात समोर गोल धरले. खापरावर टाकण्याआधी पुरणाचा मांडा हातांवर फिरवून मोठा करतात ना, अगदी तसे. गुडघ्यांमुळे त्या चार वर्षांत चुलीपुढे बसलेल्या नाहीत. हात मात्र जराही थरथरले नाहीत.

टीचर म्हणाल्या, "मागे कोण आहेत? सगळ्यांनी त्यांचे हात बघा."

अक्का लाजल्या, पण हात खाली घेतले नाहीत.

तुम्ही घरच्यांपासून लपून काय शिकताय? एकदा कडी लावायला विसरून बघा.