पावतीला वेळ कुठे लागतो

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यातून तक्रार आली, की तुमच्या प्रोग्राममधून पावती निघता निघत नाही आणि गिऱ्हाइकांची रांग रस्त्यावर जाते. आमच्या रोह्याच्या ऑफिसात साहेब तेव्हा चहा पीत होते. कप खाली न ठेवताच त्यांनी निकाल दिला.

"काउंटरवर कोण बसतं? मालकाची सून ना? मग झालं तर."

बुकिंगचा तो प्रोग्राम साहेबांनी स्वतः लिहिला होता. आई आपल्या लाडक्या पोराबद्दल बोलते तसे ते त्याच्याबद्दल बोलत. त्याची चूक नेहमी शेजारच्या पोराचीच असायची. तरी गिऱ्हाईक जुनं, म्हणून मला पेणला पिटाळलं.

कारखान्यात शिरलो तर सून, म्हणजे वहिनी, मान खाली घालून टाइप करत होत्या आणि मागून सासरा ओरडत होता, "काय गो, अजून पावती नाय? तुजा हातच चालत नाय!" वहिनी बी. कॉम. झालेल्या. लग्नानंतर त्यांची सगळी विद्या कारागिरांचा चहा करण्यात खर्ची पडली होती. कॉम्प्युटर आला तेव्हा घरात दुसऱ्या कुणाला तो चालू करता येईना, म्हणून खुर्ची त्यांना मिळाली. आता मालकांनी जाहीर केलं होतं, की सोमवारपासून पुतण्या बसेल.

"भाऊ, काय ते नीट बघा," वहिनी हळूच म्हणाल्या. "खुर्ची गेली का मी परत चुलीपाशी."

मी आल्या आल्या दोषी हेरला. आमच्या भागात मूर्ती कुणी निवडत नाही. गिऱ्हाईक फक्त म्हणतं, "गेल्या सालासारकी." आता गेल्या सालची नोंद उघडावी तर तिथेही तेच, त्याच्या आदल्या सालीही तेच. मूर्तीची उंची नक्की किती, हे कळायला बिचारा प्रोग्राम दर वेळी पार पहिल्या नोंदीपर्यंत मागे जायचा. मी ते सगळं खोडून नव्याने लिहिलं. फार खूश झालो स्वतःवर. रांग मात्र जराही कमी झाली नाही. मोजमाप न करता इलाज करणारा मी काही पहिला नव्हतो, पण तेवढ्याने समाधान होत नाही.

मग मी प्रोफायलर बसवला. प्रोफायलर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामवर पाळत ठेवणारा प्रोग्राम. मशीन कुठल्या ओळीवर किती वेळ राबलं, ते हा टिपून ठेवतो. त्याने सांगितलं, की मशीन राबतच नाही. दिवसभर नुसतं बसून असतं.

साहेबांना आनंद झाला. "प्रोग्राम निर्दोष! मग उरलं कोण?" असं म्हणून त्यांनी लगेच पेणला फोन लावला आणि मशीन एकदम क्लीन असल्याचं कळवूनही टाकलं. मला साहेबांची चीड आली, त्याहून जास्त माझ्या प्रोफायलरची. वहिनींना सोडवायला आणलेल्या साक्षीदाराने त्यांनाच अडकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पेणला निघालो. गाडी निडी स्टेशनात थांबली ती थांबलीच. सिग्नल मिळेना. समोरचा म्हातारा पानाला चुना लावत म्हणाला, "गाडी झ्याक हाय, डायवर बी झ्याक हाय. पन उशीर व्हायचा तो व्हतोच." तो रेल्वेबद्दल बोलत होता, पण मी एकदम ताठ बसलो. मी फक्त गाडी पळते तो वेळ मोजला होता. थांबते तो मोजलाच नव्हता.

कारखान्यात पोचल्यावर प्रोफायलरला भिंतीवरच्या घड्याळाने मोजायला लावलं, म्हणजे वाट बघण्यात गेलेला वेळही धरायचा. संध्याकाळी पडद्यावर पट्ट्या उमटल्या. वहिनींच्या टायपिंगची पट्टी बारीक. मशीनच्या कामाची तर दिसेचना. आणि एक पट्टी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत: मालकांची मंजुरी.

आपलं बोट लागल्याशिवाय पावती निघता कामा नये, असं मालकांनी सुरुवातीलाच ठणकावलं होतं. म्हणून साहेबांनी पडद्यावर मंजुरीची एक खिडकी ठेवली होती; मालकांनी बोटाने बटण दाबलं की ती मिटायची आणि पावती निघायची. गिऱ्हाईक मूर्तीसाठी घरचा पाट घेऊन येतं, त्याच्या खाली घराण्याचं नाव रंगवलेलं असतं. मालक तो पाट हातात घेणार, पालथा करणार, नाव वाचणार. मग गागोद्याच्या माणसाला विचारणार, वाल कसे झाले. आजी हाय का गेली. पाटाचा हा पाय कुणी बदलला, सुतार चांगला नाय. मग चहा. मग बोट. तोवर खिडकी उघडी आणि रांग सुनेच्या नावाने बोटं मोडतेय.

आता हे त्यांना सांगायचं कसं? शेवटी मालकांना बोलावलं आणि पट्ट्या दाखवल्या. सर्वांत लांब पट्टीवरचं स्वतःचं पद त्यांनी दोनदा वाचलं.

"म्हंजे सगल्यात जास्त राबतो मीच," ते म्हणाले. "मला वाटलंच व्हतं."

मी खुलासा करायला तोंड उघडलं. त्यांच्या पाठीमागून वहिनींनी इतक्या जोरात मान हलवली, की मी ते तसंच मिटलं. मोजमापावर माझी फार श्रद्धा, पण त्या क्षणी मला गप्प बसण्याचाच आनंद झाला. मालकांनी पट्ट्यांचा कागद छापून मागितला आणि देवाच्या तसबिरीशेजारी चिकटवला. एवढं काम स्वतः ओढत असताना पुतण्याला कशाला आणायचा, असंही म्हणाले.

नंतर एकदा गेलो तेव्हा रांग तेवढीच होती. जित्याहून आलेला एक माणूस कातावला, "काय वो शेट, सून नवी हाय काय? कवापासून उभा हाय!"

मालकांनी छाती पुढे काढली. "तिला काय बोलू नको. तिचा हात मशीनसारका चालतो. वेल लागतो तो माज्याकडं!"

आणि त्याचा पाट पालथा करून त्यांनी त्याच्या आजोबांची चौकशी सुरू केली. वहिनींची नोंद केव्हाच भरून झाली होती. मंजुरीची खिडकी उघडी ठेवून त्या वाट बघत बसल्या होत्या, आपल्या खुर्चीत.