आशालताबाईंची दुरुस्ती

आशालताबाई जळगावच्या मराठी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवायच्या. आता हसू नका, पण त्या तीस वर्षांत बाई इंग्रजीत कुणाशी बोलल्याच नव्हत्या. शिकवणं मराठीतून, धाकही मराठीतून. मुलगा शार्दूल न्यूझीलंडला, म्हणून निवृत्तीनंतर बाई केळ्यांच्या गावातून कांद्यांच्या गावात, पुकेकोहेला आल्या. तिथे दर मंगळवारी लायब्ररीतल्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसू लागल्या.

बसू लागल्या, एवढंच. तोंडातून ब्र निघेल तर शपथ! वाक्य आधी मनात जुळवायचं, मग काळ तपासायचा. तोवर गप्पा पार तिसऱ्याच विषयावर गेलेल्या. चुकलं आणि कुणी हसलं तर? मेल्याहून मेल्यासारखं होईल.

शेजारी बसायची फरीदा, अफगाणिस्तानातून आलेली, चाळिशीची. तिला कसली भीडभाड नाही. शब्द सापडला नाही तर हात, भुवया, काय वाटेल ते वापरून धडाधड बोलायची. बाईंना तिचा हेवाही वाटायचा आणि तिच्या चुकांनी कानही किटायचे.

एका मंगळवारी जोडीजोडीने घरच्यांविषयी बोलायचं होतं. फरीदा हळू आवाजात म्हणाली, "माय मदर डाय लास्ट इयर. आय नॉट सी."

"डाइड," बाई म्हणाल्या.

झालं! तीन महिन्यांत वर्गात आपणहून उच्चारलेला पहिला शब्द, आणि तो हा. फरीदाने मान हलवली, "डाइड" म्हटलं आणि गप्प झाली. पुढचे दोन मंगळवार ती नुसती वहीकडे बघत बसली. बाईंना तो चेहरा चांगलाच ओळखीचा होता. असे कितीतरी चेहरे त्यांनी बाकांवर पाहिले होते आणि 'पोरं लाजाळू आहेत' म्हणून सोडून दिले होते. आता मात्र घास गिळवेना. सून संपदा म्हणाली, "आई, सॉरी म्हणून टाका ना, इझी आहे." इझी म्हणे!

तिसऱ्या मंगळवारी बाई खुर्ची वळवून फरीदासमोर बसल्या. घरून पाठ करून आणलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

"माय मदर आल्सो," त्या म्हणाल्या. "शी हॉस्पिटल. आय स्कूल, एक्झाम. आय थिंक, टुमारो गो. शी नॉट वेट." आपण कुठे कुठे चुकतोय ते त्यांना शब्दाशब्दाला कळत होतं, तरी त्या थांबल्या नाहीत. "यू टेल मी मदर. आय ओन्ली करेक्ट. व्हेरी बॅड, मी."

फरीदाने आपली खुर्ची जवळ ओढली.

"युवर मदर," ती म्हणाली, "व्हॉट नेम?"

"द्वारका," बाई म्हणाल्या, आणि भर वर्गात त्यांना रडू फुटलं.